अर्थ जोडला का?

यंदाच्या श्रावणात आमच्या घरात एक खटला चालला. आरोपी माझे वडील, म्हणजे अण्णा. वय एकोणऐंशी, टेलिफोन खात्यातून निवृत्त. आरोप असा की, आरोपी सकाळची रक्तदाबाची गोळी घ्यायला विसरतो आणि विचारले की ‘डबी वाजलीच नाही’ असे म्हणून आपला दोष एका मुक्या वस्तूवर ढकलतो. फिर्यादी आम्ही, साक्षीदार आम्ही आणि न्यायाधीशही आम्हीच. ज्यांच्या घरी वडीलधारी माणसे आहेत, त्या वाचकांना अशा खटल्याचा निकाल काय लागतो हे सांगायला नकोच.

ही डबी म्हणजे माझ्या भाच्याची करणी. भाचेबुवा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहेत. गेल्या भाऊबीजेला त्यांनी ती आजोबांना नजर केली. चष्म्याच्या घरापेक्षा थोडी मोठी, तीन कप्प्यांची. सकाळी आठ, दुपारी एक आणि रात्री नऊ या तीन वेळांना ती ‘टीं टीं’ करू लागते. गोळी घेऊन बटण दाबले की गप्प होते आणि टीचभर पडद्यावर ‘सकाळची गोळी घेतली’ अशी ठसठशीत अक्षरे उमटतात. बटण दाबले नाही, तर शेजारच्या बिऱ्हाडात ऐकू जाईपर्यंत ओरडत राहते. तिच्या पोटात करंगळीएवढ्या लांबीची एक निळी पट्टी आहे आणि त्या पट्टीवर नखाएवढी चिप. या पट्टीला हौशी मंडळींत ‘ब्लू पिल’, म्हणजे निळी गोळी, म्हणतात. गोळ्यांची आठवण करून देणाऱ्या डबीने स्वतःही एक गोळी गिळलेली असावी, यात मला केवढा तरी श्लेष दिसला. भाच्याला त्यात काहीच दिसले नाही. स्वस्त मिळते म्हणून घेतली, एवढेच तो म्हणाला.

अण्णांनी पहिल्या दिवशी नाक मुरडले. “रिटायर होऊन एकवीस वर्षं झाली, आता पुन्हा माझ्यावर सुपरवायझर नेमलात का?” परंतु महिन्याभरात त्यांचे आणि डबीचे जमले. आम्हीही त्यांना बजावले होते, “आता तुम्ही काही डोक्यात ठेवू नका. ती वाजली की घ्यायची.” त्यांनी तसे वागायला सुरुवात केली. पुढचा घोटाळा या आज्ञाधारकपणातूनच झाला.

एके दिवशी सकाळी दहा वाजले तरी डबी वाजली नाही. पडद्यावर ‘रात्रीची गोळी घेतली’ ही आदल्या रात्रीची अक्षरे तशीच. सौ. ने भिंतीतला प्लग काढून पुन्हा लावला, डबी जागी झाली, प्रकरण मिटले. दहा-बारा दिवसांनी पुन्हा तसेच झाले. या वेळी प्लग तीन-चारदा काढघाल करावा लागला. भाचा येऊन डबी आपल्या घरी घेऊन गेला. तिथे ती चार दिवस घड्याळाच्या ठोक्याला वाजली. पाचव्या दिवशी तो ती परत घेऊन आला आणि म्हणाला, “मामा, हिला काहीही झालेलं नाही.”

डबीला काही झालेले नाही, म्हणजे अण्णांना झाले आहे! आमच्या घरातली तर्कपद्धती अशी सरळ आहे. अण्णा झोपेत बटण दाबत असतील. वाजते तेव्हा ऐकू येत नसेल. वाजली हेच विसरत असतील. प्रत्येकाने आपापल्या वकुबाप्रमाणे एकेक उपपत्ती मांडली. मी तर दूरच्या एका काकांना म्हातारपणी कसा विसरभोळेपणा जडला होता, त्याची हकीकत सांगितली. अण्णा पलंगावर बसून ऐकत होते. “वाजली नाही,” एवढेच ते म्हणाले.

तिसऱ्या वेळी मात्र प्रकरण गोळीवर थांबले नाही. अण्णा संध्याकाळी फिरून येताना जिन्यात घेरी येऊन बसले. खालच्या मजल्यावरच्या मुलाने त्यांना हात धरून वर आणले. डॉक्टरांनी पट्टा बांधून पारा पाहिला आणि माझ्याकडे पाहून विचारले, “गोळ्या वेळेवर चालू आहेत ना?” त्या प्रश्नाने मला फार ओशाळवाणे झाले, आणि ओशाळलेला माणूस करतो तेच मी केले. घरी येऊन अण्णांकडची दाराची किल्ली मागून घेतली. सकाळी आम्ही दोघे नोकरीला गेल्यावर त्यांनी एकट्याने बाहेर पडू नये, हा हेतू. गेली कित्येक वर्षे ती किल्ली त्यांच्या पलंगाशेजारच्या खिळ्याला असायची. त्यांनी ती काढून माझ्या हातावर ठेवली. वाद घातला नाही. वाद घातला असता तर बरे झाले असते.

हे सारे भाच्याच्या कानावर गेले आणि तो शनिवारी संध्याकाळी येऊन हजर झाला. आजोबांवर आळ आला आहे आणि त्या आळाचा पुरावा आपली डबी आहे, हे त्याला खपले नसावे. “मामा,” तो म्हणाला, “आतापर्यंत आपण बाहेरून अंदाज बांधत होतो. आता आत काय चाललंय ते त्या चिपलाच विचारू.”

मला वाटले, हा लाक्षणिक अर्थाने बोलतो आहे. परंतु इंजिनिअर मंडळी लाक्षणिक बोलत नाहीत. त्याने डबीचे चार स्क्रू काढले आणि निळ्या पट्टीच्या टोकाशी उभ्या असलेल्या चार पिना दाखवल्या. टाचणीएवढ्या, एका ओळीत. आम्ही पावणेएक वर्ष त्या डबीशी संसार केला, पण तिला असा मागचा दरवाजा आहे हे कुणाला ठाऊक नव्हते. या पिनांतून त्या चिपला चालू काम मध्येच थांबवता येते, ती कुठल्या ओळीवर आहे ते पाहता येते, तिच्या स्मरणात काय आहे ते वाचता येते, आणि पुन्हा ‘चल’ म्हणून सोडून देता येते. त्यासाठी खिशातल्या पेन ड्राइव्हएवढी एक कांडी मिळते. तिचे एक टोक लॅपटॉपला आणि दुसरे या पिनांना. मधल्या तारा मात्र त्याच्याकडच्या तुटल्या होत्या. त्या आणण्याचे काम दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आले.

बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत मराठीच्या प्राध्यापकाला सहसा काम पडत नाही. दुकानदाराने “मेल का फिमेल?” असे विचारल्यावर मी क्षणभर गोंधळलो. या तारांच्या टोकांना लिंगभेद आहे. ज्याला सुई असते ते टोक नर, ज्याला भोक असते ते मादी. व्याकरणातल्या लिंगविचारापेक्षा हा विचार पुष्कळच सुसंगत म्हणावा लागेल. खुर्ची स्त्रीलिंगी का, याचे उत्तर मी गेली वीस वर्षे वर्गात टाळत आलो आहे. मी दोन्हीकडून मादी असलेल्या तारा घेतल्या, आणि आपल्या शहाणपणाने चांगल्या हातभर लांब घेतल्या. डबी अण्णांच्या उशाशी, लॅपटॉप टेबलावर; मध्ये अंतर हवे, हा माझा हिशोब. भाच्याने त्या पाहिल्या आणि हसू दाबले. तारा जितक्या लांब तितका निरोप बिघडतो, असे त्याने समजावले. एक तार ठेका धरते आणि दुसरी त्या ठेक्यावर बोलते. ठेका सेकंदाला लाखो वेळा पडतो. लांब तारेत प्रत्येक ठोक्याचे पडसाद उठतात आणि ऐकणाऱ्याला एकाऐवजी दोन ऐकू येतात. तेव्हा टेबल पलंगाजवळ ओढले आणि तारा वीतभर कापून, त्यांना पुन्हा टोके बसवून घेतली.

रात्री जेवणे उरकल्यावर आम्ही तारा जोडायला बसलो. पट्टीवर पिनांची नावे बारीक अक्षरांत छापलेली होती. माझा चष्मा वाचायचा, भाच्याचे हात जोडायचे, अशी वाटणी झाली. कांडीच्या अंगावरही नावे छापलेली असतात. मात्र त्यांचा क्रम पट्टीवरच्या क्रमासारखा असेलच असे नाही, आणि एकाच सारख्या दिसणाऱ्या दोन कांड्यांतही तो वेगळा असू शकतो. म्हणून ओळीत समोरासमोर जोडायचे नाही, नाव वाचून जोडायचे. चार पिनांपैकी एक ३.३ व्होल्ट विजेची. ती भाच्याने मुद्दाम मोकळी ठेवली. डबीला तिच्या चार्जरकडून वीज मिळतेच आहे. कांडीकडूनही दिली तर दोन सासवांच्या घरातल्या सुनेसारखी तिची अवस्था व्हायची. उरल्या तीन. एक ठेक्याची, एक बोलण्याची आणि तिसरी...

“अर्थ जोडला का?” पलंगावरून आवाज आला.

अण्णा भिंतीकडे तोंड करून पडले होते. आम्हाला वाटले होते, झोपले असतील. मी वीस वर्षे मुलांना अर्थ सांगतो. ‘अर्थ लागला का’, ‘अर्थ कळला का’ हे मी रोज विचारतो. ‘अर्थ जोडला का’ हा प्रयोग मला अगदीच नवा होता. भाच्याला मात्र तो लगेच कळला. “नाही आजोबा, तीच राहिली.”

“मग काय जोडताय? आधी अर्थ, मग बाकीचं.”

वायरमन लोकांचे हे अर्थ म्हणजे अर्थिंग, इंग्रजीतली पृथ्वी. आमचा अर्थ संस्कृतातला. दोघांचे काही नाते नाही, पण त्या रात्री मला ते सख्खे भाऊ वाटले. अण्णा उठून बसले आणि बोलू लागले. गेल्या पंधरा दिवसांत ते इतके बोलले नव्हते. उंची कुठूनतरी मोजावी लागते; पायरी कुठली ते ठरल्याशिवाय ‘तीन हात उंच’ याला काही मतलब नाही. विजेचेही तसेच. एका यंत्राचे शून्य आणि दुसऱ्याचे शून्य एका तारेने बांधले नाही, तर एकाने ‘हो’ म्हटलेले दुसऱ्याला ‘नाही’ ऐकू येते, किंवा नुसतीच खरखर. आणि परतीचा रस्ताही तोच. तारायंत्राच्या काळात खांबावरून एकच तार जायची आणि वीज परत यायची ती जमिनीतून, हे त्यांनी आम्हाला ऐकवले. भाचा मान डोलावत होता. त्याने काळी तार जोडली.

अर्थ जोडला तरी पहिल्या खेपेस काही झाले नाही. लॅपटॉपने ‘समोर कुणी सापडत नाही’ अशा मजकुराचा इंग्रजी शेरा मारला. ठेक्याची आणि बोलण्याची तार उलटसुलट लागली होती. ती माझ्या वाचनाची चूक, पण तिने काही जळत नाही, नुसता अबोला राहतो. तारा बदलल्या. तरी अबोलाच. आता भाच्याचा चेहरा उतरला. मग त्याने कपाळावर हात मारून घेतला. चूक त्याची स्वतःचीच होती. डबीचा प्रोग्राम लिहिताना ‘हा मागचा दरवाजा उघडा ठेव’ असे सांगायचे राहून गेले होते. आणि न सांगितल्यामुळे चिप जागी होताच पहिल्या झटक्यात तो दरवाजा लावून घेत होती. नवशिक्यांना हमखास पडणारा हा खड्डा आहे म्हणे.

त्यावर उपाय मोठा गमतीचा. पट्टीवर एक इवलेसे रीसेटचे बटण असते. ते दाबून धरले की चिप झोपेत. लॅपटॉपवरून हाक मारायची आणि त्याच क्षणी बटण सोडायचे. म्हणजे ती जागी होऊन दरवाजा लावायच्या आत पाय आत घालता येतो. बटण माझ्या नखाखाली. भाचा ओरडायचा, “सोडा!” पहिल्यांदा मी उशिरा सोडले. दुसऱ्यांदा “सो” म्हणताच सोडले. पाचव्या खेपेला जमले. लॅपटॉपच्या पडद्यावर अक्षरांची रांग धावली आणि भाच्याने टाळी वाजवली. चिपने आपले नाव-गाव सांगितले होते.

तथापि नाव-गाव सांगणारा साक्षीदार त्या वेळी खुशाल होता. डबी नीट चालू होती. बिघाड हजर नसताना त्याची जबानी कशी घेणार? भाच्याने दरवाजा उघडा राहील असा प्रोग्राम पुन्हा भरला, बाकी एका अक्षराला हात लावला नाही. डबीचे झाकण बंद करताना तीन तारा फटीतून बाहेर काढून ठेवल्या. पुन्हा अडली की प्लग काढायचा नाही, कुणी काही दाबायचे नाही, आणि त्याला फोन करायचा, असा हुकूम देऊन तो गेला. अण्णांच्या उशाशी डबी, डबीतून लोंबणाऱ्या काळ्या, पांढऱ्या, हिरव्या तारा. “हिलाही नळ्या लावल्यात का?” अण्णांनी विचारले.

त्या वाट पाहण्याच्या दिवसांत मी या तारांची कुळकथा भाच्याकडून काढून घेतली. यंत्रातल्या दोषाला इंग्रजीत ‘बग’, म्हणजे किडा, म्हणतात. त्याची सर्वांना ठाऊक असलेली गोष्ट ९ सप्टेंबर १९४७ ची. हार्वर्डच्या ‘मार्क-२’ या गणकयंत्राच्या एका रिलेत खरोखरीचा पतंग अडकलेला सापडला. तो चिकटपट्टीने नोंदवहीत चिकटवून खाली ‘किडा सापडल्याची ही पहिली खरी घटना’ अशा अर्थाची थट्टा लिहून ठेवली आहे. ती वही आता अमेरिकेत राष्ट्रीय इतिहासाच्या संग्रहालयात आहे. शब्द मात्र पतंगाहून जुना. एडिसनने १८७८ साली एका पत्रात तो याच अर्थाने वापरला होता. ते काहीही असो, त्या काळी यंत्र खोलीएवढे होते, आत डोकावून किडा चिमट्याने काढता येत होता. पुढे यंत्रे लहान झाली. कारखान्यात तयार पट्ट्या तपासायच्या तर खिळ्यांच्या शय्येसारख्या सुयांवर ठेवून प्रत्येक सांध्याला स्पर्श करत. चिपांचे पाय केसासारखे बारीक होऊन दाटीने बसू लागले तेव्हा सुयांना जागा उरली नाही. म्हणून १९८५ साली युरोपातल्या काही कंपन्या एकत्र आल्या. बाहेरून टोचण्याऐवजी प्रत्येक चिपमध्येच तपासणीची वाट ठेवू, सगळ्यांनी सारखी ठेवू, असे ठरले. ‘जॉइंट टेस्ट ॲक्शन ग्रुप’ हे त्या गटाचे नाव, आणि आद्याक्षरांवरून त्या वाटेलाही ‘जेटॅग’ म्हणू लागले. १९९० साली त्याचे प्रमाण ठरून छापले गेले. मुळात हा खटाटोप सांधे नीट डकले आहेत की नाहीत हे पाहण्यासाठी. मागाहून लोकांनी त्याच वाटेने चालता प्रोग्राम थांबवून पाहायला सुरुवात केली. जेटॅगला चार-पाच तारा लागतात. आमच्या डबीतली तिची धाकटी बहीण अर्थ सोडून दोनच तारांत भागवते.

मला यात विशेष वाटले ते हे की, करणाऱ्यांनीच गृहीत धरले होते, आपली वस्तू कधीतरी अडेल आणि तेव्हा तिला बोलायला जागा हवी.

नवव्या दिवशी पहाटेच अण्णांनी मला हलवून उठवले. आठ वाजायचे होते, पण पडद्यावर रात्रीची अक्षरे पाहून त्यांनी ओळखले होते. आवाजात तक्रार नव्हती, चक्क उत्साह होता. “फॉल्ट आलाय. कुणी हात लावू नका.” आठ वाजले, डबी गप्प. अण्णांनी गोळी घेतली आणि पहारा देत बसले. सौ. ला केर काढतानाही त्यांनी तिथे फिरकू दिले नाही.

भाचा कॉलेज बुडवून आला. या वेळी रीसेट नाही, हाक नाही. चालत्या गाडीत चढावे तसे त्याने कांडी जोडली आणि चिपला ‘थांब’ म्हटले. ही चिप सेकंदाला सात कोटी वीस लाख ठोक्यांनी चालते. थांबवली तेव्हा प्रोग्रामच्या एका ओळीवर तिचे बोट होते. सोडली, पुन्हा थांबवली, बोट तिथेच. दहा वेळा केले. पोथी वाचता वाचता डुलकी लागलेल्या आजीबाईंसारखे तेच पान, तीच ओळ. फरक एवढाच की ही झोपली नव्हती. ती वाट पाहत होती.

डबीत वेळ सांगणारी चिप वेगळी आहे, तिला स्वतःची बटण-बॅटरी आहे. मुख्य चिप तिला पुन्हापुन्हा विचारते, ‘किती वाजले?’ या दोघींच्या मध्येही दोनच तारा, एक ठेक्याची, एक बोलण्याची. पडदाही त्याच तारांवर. मुख्य चिप अडली होती ती ‘ही लाईन रिकामी होऊ दे’ म्हणून. अण्णांनी कपाटातून आपला जुना काटेवाला मीटर काढायला लावला. नजर कमी झाली असली तरी सुया नेमक्या कुठे टेकवायच्या हे त्यांच्या बोटांना माहीत होते. आधी अर्थ, मग ठेक्याची तार. काटा तीनच्या पुढे गेला. मग बोलण्याची तार. काटा जागचा हलला नाही.

“लाईन दाबून धरलीये कुणीतरी,” अण्णा म्हणाले.

“घड्याळाच्या चिपनं. पण का?” भाचा विचारात पडला. कुठे अडली ते कळले होते. का अडली ते त्या तीन तारा सांगत नव्हत्या. तो मला विचारू लागला, हे कधी कधी झालं, त्या आधी काय झालं होतं? मला सांगता येईना. जिन्यातल्या दिवसाची तारीखसुद्धा मला नक्की आठवत नव्हती. आणि मी स्मरणशक्तीचा न्यायाधीश!

अण्णांनी उशीखालून खिशातली डायरी काढली. खात्यातल्या सवयीने ते रोज दोन ओळी लिहितात, हे मला लहानपणापासून माहीत आहे. मी ती कधी उघडून पाहिली नव्हती. भाचा मोठ्याने वाचू लागला. ‘रात्री ३-१० दिवे गेले, लगेच आले. सकाळी डबी गप्प.’ त्या महिन्या-दीड महिन्यात दिवे गेल्याच्या सात नोंदी होत्या. डबी चार वेळा गप्प झाली होती, आणि चारही वेळा आदल्या रात्री दिवे गेले होते. तिसऱ्या नोंदीच्या खाली लिहिले होते, ‘घेरी. डॉक्टर. सायं. ७-४० किल्ली दिली.’ भाच्याने ते वाचले आणि पुढचे पान उलटले.

मग उलगडा व्हायला वेळ लागला नाही. आमच्याकडे वीज गेली की इन्व्हर्टर चालू होईपर्यंत पापणी लवते तेवढा खंड पडतो. तेवढ्यात मुख्य चिप झोपून पुन्हा जागी होते. घड्याळाच्या चिपला मात्र बॅटरी असल्यामुळे ती जागीच असते. नेमकी त्या क्षणी ती वेळ सांगत असेल, तर अर्ध्या शब्दावर थांबून, तार दाबून धरून, ‘पुढचा ठोका दे’ म्हणत बसते. इकडे नव्याने जागी झालेली मुख्य चिप सगळे विसरलेली! तिला वाटते, लाईनवर दुसरेच कुणी बोलत आहे. म्हणून ती सभ्यपणे थांबते. दोघी एकमेकींची वाट पाहत राहतात. विचारण्याच्या मध्ये झटका बसला नाही तर काहीच बिघडत नाही. म्हणून सातांपैकी चारच वेळा. आणि भाच्याच्या घरी त्या चार दिवसांत दिवे गेलेच नव्हते.

“म्हणजे रिसीव्हर नीट ठेवला नाही,” अण्णा म्हणाले. जुने काळे टेलिफोन ज्यांनी वापरले आहेत त्यांना हे लगेच कळेल. रिसीव्हर तिरका राहिला की लाईन अडकायची, आणि घरचे म्हणायचे, आज कुणाचाच फोन नाही.

घड्याळाच्या त्या चिपचे डेटाशीट भाच्याने लॅपटॉपवर उघडले. त्यात हा प्रसंग आणि त्याचा उपाय दोन्ही स्वच्छ छापलेले होते. बोलण्याची तार मोकळी होईपर्यंत ठेक्याच्या तारेवर नुसते ठोके द्यायचे, म्हणजे तिचे राहिलेले वाक्य पुरे होते. फार तर नऊ ठोके लागतात. ते पान त्याने आधी वाचलेच नव्हते. त्याला मी काही बोललो नाही. न वाचलेल्या पानांच्या बाबतीत त्या दिवशी माझी बाजू लंगडी होती. त्याने जागे होताच ठोके देणाऱ्या आठ-दहा ओळी प्रोग्राममध्ये घातल्या. शिवाय, उत्तरासाठी किती वेळ थांबायचे याला मर्यादा घातली, आणि चिप कुठेही अडकून बसली तर तिला आपोआप उठवणारा एक पहारेकरी नेमला. मग त्याने प्लगचे बटण शंभर वेळा चालू-बंद केले. अण्णा मोजत होते. शंभरही वेळा डबी जागी झाली. अठ्ठ्याऐंशीच्या सुमारास भाच्याचा आकडा चुकला, तो अण्णांनी दुरुस्त केला.

तारा काढून झाकण लावल्यावर त्यांनी डायरीत लिहिले, ‘फॉल्ट क्लिअर. १२-२५.’ त्यावर भाच्याची सही घेतली. खात्यात तशी पद्धत होती म्हणे.

संध्याकाळी मी किल्ली त्यांच्या पलंगाशेजारच्या खिळ्याला अडकवली. ते खिडकीत बसले होते. काहीतरी बोलायला हवे म्हणून मी म्हणालो, “अण्णा, पाऊस उघडलाय. फिरून यायचं असेल तर...” त्यांनी मान हलवली, टोपी घातली, किल्ली खिशात टाकली आणि गेले. मी गॅलरीतून ते कोपऱ्यावर वळेपर्यंत पाहत होतो.

डबी अजून नेमाने वाजते. हल्ली अण्णा मात्र आठला पाच कमी असतानाच गोळी घेतात, आणि बटणावर बोट ठेवून ती वाजायची वाट पाहत बसतात. डायरी ते आता उशीखाली ठेवत नाहीत, टेबलावर ठेवतात. त्या दिवसाच्या पानावर भाच्याच्या सहीखाली आणखी एक ओळ आहे. ‘किल्ली परत. ६-१५.’